फोनताईची उशी

त्या खोलीत साऱ्या जगाला प्रवेश होता, फक्त फोनताईला नव्हता. साठीच्या पुढचे चारशे लोक ठरलेल्या दिवशी एकेक करून आत जात, पाच मिनिटांनी बाही खाली करत बाहेर येत, आणि दहातले आठ जण हसत येत. सुई टोचून घेतलेला माणूस हसत कसा येतो, हेच तिला कळत नव्हतं. आत तिचा नवरा बसायचा. घरी तोंडात मिठाची गुळणी धरून बसणारा हा माणूस इथे लोकांना हसवतो, ही गोष्ट तिला काही केल्या पचेना.

आता ते दार बंद का, हे आधी सांगायला हवं. फ्लूच्या नव्या लशीचा अभ्यास चालला होता. निम्म्या लोकांना नवी लस, निम्म्यांना नेहमीची जुनी. कोणाला कोणती, ते घेणाऱ्यालाही कळू द्यायचं नाही आणि त्यांची विचारपूस करणाऱ्यालाही नाही. अमक्याला नवी दिली आहे हे एकदा ठाऊक झालं, की विचारणाऱ्याचे कान टवकारतात आणि साधी शिंकसुद्धा मोठी वाटायला लागते. पण दोन्ही लशींच्या सिरिंज दिसायला वेगळ्या, त्यामुळे भरणाऱ्याला आणि टोचणाऱ्याला कळल्यावाचून राहणार नाही. म्हणून ती दोन माणसं दाराच्या पलीकडे ठेवलेली: औषध भरणारा फार्मसिस्ट, म्हणजे हिचा नवरा, आणि टोचणारी सिस्टर. बाकी सगळे दाराच्या अलीकडे.

अलीकडचं मुख्य काम हिचं. लस घेतल्यावर तिसऱ्या दिवशी फोन, सातव्या दिवशी फोन, पुढे दर आठवड्याला. ताप आला का, दंड दुखतो का, लाली आली असेल तर पट्टीने मोजली का, किती भरली. कोणाला खोकला-ताप झाला तर बोलावून नाकातला स्वॅब घ्यायचा. तिचं खरं नाव लोक विसरूनच गेले होते, सगळे फोनताई म्हणत. अभ्यासाच्या प्रमुख डॉक्टर, ज्यांना सगळे मॅडम म्हणायचे, त्याही तेच म्हणू लागल्या होत्या.

सुरुवातीलाच मॅडमनी नवरा-बायकोला समोर बसवून बजावलं होतं, ‘एक अलीकडे, एक पलीकडे. घरी या विषयावर अवाक्षर काढायचं नाही.’ दोघांनी सह्या केल्या. नवऱ्याने ही अट इतकी मनावर घेतली, की उरलंसुरलं बोलणंही सोडून दिलं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि जेवताना आवाज यायचा तो भांड्यांचा.

‘आज कोण हसत होतं एवढं?’ ती विचारायची.

‘सांगता येत नाही.’

‘हसण्यात कसली आलीये लस?’

‘नियम म्हणजे नियम,’ असं म्हणून तो पोळीचा तुकडा मोडायचा. तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आयतं कुलूप मिळालं होतं त्याला, तेही सहीशिक्क्याचं.

आणि ती सिस्टर! दिसायला चारचौघींसारखी, हिच्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठीच, चालताना चपला घासत चालणारी. रूपावर जळावं तर तिथे जळण्यासारखं काही नव्हतं, हीच मोठी पंचाईत होती. पण फोनवर जो तो तिचीच आरती ओवाळायचा. ‘काय हलका हात आहे हो त्या सिस्टरांचा! सुई गेलेली कळली नाही.’ फोनताई लाली किती, सूज किती असं विचारी, आणि पलीकडून हात हलका, हात हलका. फॉर्मवर हलक्या हातासाठी रकाना नव्हता, नाहीतर तोही तिलाच भरावा लागला असता.

त्यातून छत्रीवाले आजोबा. क्रमांक तीनशे सतरा. ऊन असो, ढग असो, ते छत्री घेऊन यायचे आणि ती कुठेतरी विसरून जायचे. लस घेऊन गेले आणि छत्री न्यायला परत आले, तेव्हा म्हणाले, ‘फोनताई, आत काय मजा असते हो! तो औषधवाला बोलायला लागला की हसून पोट दुखतं!’

‘काय बोलतात ते?’

‘ते आमचं गुपित,’ म्हणत आजोबांनी डोळा मारला. वयाचा मान राखून तिने छत्री त्यांच्या हातात दिली. त्या रात्री तिने नवऱ्याला न विचारता त्याच्या ताटात भात जास्त वाढला आणि तो मुकाट्याने जेवला. याच्यात बोलणं आहे, पण आपल्या वाट्याचं नाही, हे तिच्या मनाने घेतलं ते घेतलंच.

तशातच घरातली उशी हरवली. छोटी, चौकोनी, कडेला निळी शिवण असलेली. तिने स्वतः शिवलेली. तिने घर पालथं घातलं. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, ‘असेल कुठेतरी.’

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला बाहेरच्या बाकावर एक आजी चक्कर येऊन पडल्या. गलका झाला, तसे बंद दारातून सिस्टर आणि नवरा दोघंही धावत बाहेर आले. मॅडमही आल्या. आजींना आडवं केलं, पाय उंच केले, ‘सकाळपासून काही खाल्लं नाही’ असं त्या सांगू लागल्या. फोनताई पाण्याचा ग्लास आणायला वळली आणि तिला दिसलं, की दार उघडं आहे.

उघड्या दारातून सिस्टरची खुर्ची दिसत होती. आणि खुर्चीवर निळ्या शिवणीची उशी.

तिच्या डोक्यात तिडीक गेली. नवरा तर नवरा, उशीसुद्धा! दारावर लाल अक्षरांत ‘प्रवेश बंद’ लिहिलेलं होतं, रोज येता-जाता वाचून तिला पाठ झालं होतं, आणि तरी ती चार पावलांत आत गेली. माझ्या घरची वस्तू मी नेते, यात कोणाच्या बापाचं काय जातं, असं काहीतरी ती पुटपुटली असावी. तिने उशी खसकन उचलली.

उशीखाली यादी होती. बाहेर पळताना सिस्टरने घाईघाईत कागद खुर्चीवर टाकून त्यावर उशी दाबली होती, कोणाच्या नजरेला पडू नये म्हणून. सरळ रेषेत क्रमांक, आणि प्रत्येकापुढे एकच शब्द, जुनी किंवा नवी. दुसरा कोणी असता तर त्याला ते नुसते आकडे दिसले असते. हिला प्रत्येक आकड्याला आवाज होता. तीनशे सतरा, नवी. तीनशे एकोणीस, जुनी. डोळे मिटेपर्यंत पंधरा-वीस माणसं वाचून झाली होती.

तिने उशी होती तशी ठेवली आणि बाहेर आली. कोणी पाहिलं नव्हतं. आजी साखरपाणी पिऊन उठून बसल्या होत्या आणि सिस्टर त्यांचा हात धरून, चपला घासत त्यांना बाकाकडे नेत होती. नवरा खोलीत परतला आणि दार लागलं.

कोणी पाहिलं नाही म्हणजे झालंच नाही, असं दुपारपर्यंत ती स्वतःला समजावत राहिली. मांजरही डोळे मिटूनच दूध पितं. दुपारी तिने छत्रीवाल्या आजोबांना फोन लावला, त्यांचा सातवा दिवस होता.

‘ताप?’

‘छे.’

‘दंड दुखतो?’

‘नाही बुवा.’

‘नक्की? हात वर केल्यावर? रात्री त्या कुशीवर झोपल्यावर?’

‘आता तुम्ही म्हणताच आहात तर... जरासा दुखत असेल.’

तिचं पेन फॉर्मवर थांबलं. गेल्या तीन महिन्यांत तिने हा प्रश्न कोणालाही दोनदा विचारला नव्हता. नवी लस घेतलेल्या माणसाकडून ती दुखणं काढून घेत होती, आणि ते भले गृहस्थ देतही होते. तिला स्वतःची लाज वाटली. नवऱ्याबद्दल काय वाटायचं ते वाटो, पण आपलं काम स्वच्छ आहे, एवढा एक अभिमान तिच्यापाशी होता. तोही आता हातचा गेला होता. तिने फोन ठेवला आणि मॅडमच्या खोलीत जाऊन उभी राहिली.

‘मी यादी पाहिली,’ ती म्हणाली.

मॅडमनी चष्मा काढला. ‘खोलीत का गेलात?’

‘उशी आणायला.’

‘कसली उशी?’

‘माझ्या घरची. सिस्टरच्या खुर्चीवर होती.’ आणि मग, विचारलेलं नसताना, ‘मला राहवलं नाही. घरी तो माझ्याशी बोलत नाही आणि आत दिवसभर हसतात दोघं. मला बघायचं होतं काय आहे ते.’ इतकं बोलून तिचं नाक लाल झालं.

मॅडमनी चष्मा पुन्हा चढवला. मग त्यांनी चूक नोंदवायचा फॉर्म काढला. ‘कारणाच्या रकान्यात मी “वैयक्तिक” लिहिते. खोली उघडी टाकली म्हणून त्या दोघांचीही नोंद होईल. आजोबांचा आजचा फोन उद्या दुसरं कोणीतरी पुन्हा करेल. आणि ज्याला कळलं तो पलीकडे. उद्यापासून तुम्ही आत. सिरिंजवरचा क्रमांक यादीशी ताडून बघायला तिसरं माणूस हवंच होतं.’

तीन महिने ज्या दाराने तिची झोप उडवली, ते असं उघडलं. तिने नवऱ्याला घरी सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, ‘मला विचारायचंस ना उशीचं.’ तिने विचारलं होतं, वार आणि वेळेसकट तिला आठवत होतं.

पहिले दोन दिवस खोलीत सुतक असल्यासारखं होतं. नवरा सिरिंज भरी, ती क्रमांक वाची, सिस्टर टोची. कोणी हसलं नाही. लोक बाहेर जाताना दंड चोळत जाऊ लागले. एका काकूंनी तर ‘आई गं’ म्हणून हात झटकला. तिला आत बसून वाटलं, हसू होतं ते मला पाहून पळालं, आणि हे वाटणं आधीच्या जळफळाटापेक्षा वाईट होतं.

तिसऱ्या दिवशी नवरा थंड पेटी घेऊन खालच्या भांडारात गेला. सिस्टरने चपला काढून पाय स्टुलावर ठेवले.

‘ताई, उशीवरून रागावलात ना? मी मागितली नव्हती हो. माझी कंबर धरली होती, तर सर घेऊन आले. म्हणाले, बायकोची आहे, पण ती कधी टेकून बसतच नाही.’

फोनताई आत्ताही ताठच बसली होती.

‘आणि तुम्ही आल्यापासून ते गोष्ट सांगत नाहीत, माझी पंचाईत झालीये. माणसाने दंड आवळून धरला की सुई लागते. मग सर स्कूटरची गोष्ट काढायचे. माणूस हसला की दंड सैल, मी टोचून मोकळी. माझा कसला हलका हात!’

‘कसली स्कूटर?’

‘अहो, तुमचीच! लग्नानंतर शिकत होतात ती. सरांना मागे बसवलंत आणि नेऊन घातलीत कुंपणात. आणि मग उठून, केसांत पाला, एका पायात चप्पल, कंबरेवर हात ठेवून त्या कुंपणालाच झापलंत. “दिसत नाही का?” म्हणून.’ सिस्टरला सांगता सांगता हसू आवरेना. ‘नाव नाही घेत ते, “आमची ही” म्हणतात. म्हणतात, त्या दिवशी आमची ही इतकी हसली, की लोक गोळा झाले. तेव्हाच ठरवलं, म्हणतात, आता हिच्यासोबत म्हातारं व्हायचं.’

फोनताईला स्कूटर आठवली. कुंपण अंधुक आठवलं. आपण हसलो होतो हे मात्र काही केल्या आठवेना. चारशे लोकांना ती बाई माहीत होती, छत्रीवाल्या आजोबांनाही होती, आणि हिला नव्हती. केसांत पाला असलेल्या त्या बाईशी नवरा दिवसभर बोलत होता. तिचा फोनताईला मनापासून हेवा वाटला. ती बाई आपणच आहोत, हे कळूनही तो तसूभर कमी होईना.

संध्याकाळी सिस्टर गेली. नवरा फ्रीजचं तापमान वहीत लिहीत होता.

‘चारशे लोकांना सांगितलंस,’ ती म्हणाली. ‘मला एकदाही नाही.’

तो काय ते समजला. त्याचे कान लाल झाले. ‘तुला काय सांगायचं? तू होतीस ना तिथे.’

‘होते. विसरले.’

त्याने पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. ‘तुझ्यासमोर?’ तो म्हणाला. ‘तुझ्यासमोर लाज वाटते गं.’

ती उठली. लोकांना बसवायच्या खुर्चीत जाऊन बसली, डावी बाही खांद्यापर्यंत वर केली आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

‘मी चारशे एकावी,’ ती म्हणाली. ‘आणि दंड फार आवळलाय मी. सांग.’