अर्धवट ऐकलेला निकाल

मी एक जुना, दमलेला रेडिओ आहे, मित्रांनो. १९८० साली कारखान्यातून बाहेर पडलो आणि डोंबिवलीत, मानपाड्याच्या दामाजी फिटरच्या कपाटावर येऊन बसलो.

दामाजीला दूरदेशीची केंद्रं पकडायचा भारी नाद. काय ऐकलं, किती वाजता, किती स्वच्छ, हे लिहून तो त्या केंद्राला पत्र पाठवायचा. पत्रातलं त्यांच्या नोंदीशी जुळलं की तिकडून चित्राचं कार्ड यायचं. एकोणतीस देशांची कार्डं भिंतीवर होती. शेजारी हसत. म्हणत, नळाला पाणी कधी येणार तेही विचार की तुझ्या रेडिओला! पण ती कार्डं माझ्यामुळे आली होती आणि मला त्याचा फार अभिमान होता.

पुढे माझी आबाळ झाली. सेल पाझरले, स्प्रिंगा गंजल्या. नव्वद साल उलटल्यावर बाल्कनमधल्या एका चिमुकल्या नव्या देशात निवडणूक झाली. त्या देशाचं कार्ड दामाजीला हवंच होतं. संध्याकाळी तो मला कान लावून बसला. राष्ट्राध्यक्ष कोण झाला ते मी नीट सांगितलं. संसदेची बातमी सुरू झाली आणि माझा आवाजच बसला. नुसती खरखर.

त्याचा मित्र भगवान म्हणाला, "अरे, पेपरात येईल ना! त्यातनं उतरव. तिकडून कोण बघायला येणारे?"

आणि दामाजीने पेपरातले संसदेच्या जागांचे आकडे ऐकल्यासारखे पत्रात उतरवले. इतक्या वर्षांत त्याने असं कधी केलं नव्हतं.

दोन महिन्यांनी पाकीट आलं. आत कार्ड नव्हतं, केंद्राची चिठ्ठी होती. तीत लिहिलं होतं: त्या दिवशी आम्ही संसदेचे आकडे सांगितलेच नाहीत, मोजणी अजून चालू आहे एवढंच म्हटलं होतं.

"या डबड्यानं तोंडघशी पाडलं मला," दामाजी बायकोला म्हणाला.

मालन भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "तो गप होता ना? मंग बोललाव तुमीच."

मला फार वाईट वाटलं, माझ्यासाठी आणि त्याच्यासाठीही. त्याने माझ्या स्प्रिंगा घासल्या, माफीचं पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. तिसावं कार्ड भिंतीवर कधी लागलंच नाही.

मित्रांनो, आम्हा जुन्या यंत्रांचे सेल वेळेवर काढत जा, धूळ पुसत जा. आणि एखाद्या दिवशी आमचा आवाज बसलाच, तर ऐकू आलं नाही एवढंच लिहा.