उबेची जागा

ओक्बुनने सापाच्या पेटीतल्या शेवाळावर कोमट पाणी शिंपडलं आणि फोन खांद्याने कानाशी दाबून धरत काच सरकवली.

"दिव्याखाली बत्तीस अंश, दुसऱ्या टोकाला सव्वीस," उल्सानहून मुलगा ग्युहो बजावत होता. "आणि ओलावा साठच्या खाली जाऊ देऊ नकोस. आपल्या खालून तापवलेल्या जमिनींनी घरातली हवा कोरडी पडते. मग कात नीट सुटत नाही."

"तुझ्या बाबांचे एवढे लाड केले नाहीत मी कधी."

"आई, शुक्रवारी येतोय. या वेळी सही करायचीच."

नव्या घरमालकिणीला साप चालत नव्हता, म्हणून ग्युहोने तो आईच्या गळ्यात मारला होता. सही मात्र बापाच्या मृत्यूच्या नोंदीवर हवी होती. जेमानची खेकड्यांची होडी अकरा महिन्यांपूर्वी गुर्योंगपो बंदरातून गेली ती गेलीच. ओक्बुनने तीनदा टाळाटाळ केली होती. नवरा कुठल्या गार पाण्यात कुडकुडतोय ठाऊक नाही, आणि आपण उबेत बसून त्याला मेला म्हणायचं, हे तिला जमत नव्हतं. त्याच्या खोलीच्या जमिनीखाली जाणाऱ्या गरम पाण्याची तोटीही तिने तेव्हापासून बंद ठेवली होती.

दुपारी ती मासळी साफ करून आत आली, तर पेटीची काच बोटभर उघडी. साप नाही.

घरातला साप निघून गेला की घरचा कर्ता गेला समजावं, असं सासू सांगायची. तेव्हा ओक्बुन पाठ वळवून हसायची. आता तिने तांदळाच्या पिंपामागे, चपलांच्या फळीखाली, किमचीच्या फ्रिजमागे सगळं पालथं घातलं. शेवटी जेमानच्या खोलीचं दार सरकवलं.

साप तिथे होता. भिंतीकडेच्या जागेवर, जिथे जेमान रोज निजायचा, तिथे वेटोळं घालून निवांत पडला होता. ऊब असल्याशिवाय तो असा टेकत नाही, एवढं आता तिलाही कळत होतं.

तिने जमिनीवर तळहात ठेवला आणि ऊब लागताच झटकन मागे घेतला. जाऊन तोटी पाहिली. बंदच होती, गारढोण. मग पेटीतलं ऊब-ओलावा मोजायचं यंत्र आणून तिने सापाशेजारी ठेवलं, थोडं थांबली आणि ग्युहोला फोन लावला.

"किती दाखवतंय?"

"साडेछत्तीस."

"जास्त झालं. दिवा बंद कर. आणि ओलावा?"

"नव्वद."

"एवढं पाणी कशाला ओतलंस, आई?"

ओक्बुनने ओल्या जमिनीवरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. खारट होतं.

तिला भीती वाटली, आणि रागही आला. अकरा महिने लावले यायला.

"शुक्रवारी ये," ती म्हणाली. "सही करते."

"असं अचानक?"

"आता करता येईल."

फोन ठेवून तिने कपाटातली जाड दुलई काढली, सापाला धक्का न लावता त्या जागेवर पसरली आणि कडा खोचल्या. पायाकडची जरा जास्तच खोचली. जेमान झोपेत पांघरूण लाथाडत असे.