पोस्टमास्तरांचं गवत कापायचं यंत्र

पोस्टमास्तरांचा पाय प्लास्टरमध्ये गेला त्याला तीन आठवडे झाले होते आणि तेवढ्यात अंगणातलं गवत गुडघ्याला लागलं होतं. रविवारी लेक येणार होती, नातीला घेऊन. नात नुकतीच पावलं टाकायला लागलेली. त्या गवतात उतरली असती तर नुसती टोपी दिसली असती.

"मी कापते," टेलरबाई म्हणाल्या.

टेलरबाई म्हणजे पोस्टमास्तरांची बायको. चाळीस वर्षं घराच्या पुढच्या खोलीत बसून त्यांनी गल्लीचे कपडे शिवले होते. पोस्टमास्तर मात्र निवृत्त झाल्यापासून हौसेनं गवत कापत. आपल्या अंगणातलं आणि कुणी बोलावलं तर त्याच्या अंगणातलंही.

पोस्टमास्तर खुर्चीत ताठ झाले. "अगं, पेट्रोलवर चालतं ते! शिलाई मशीन वाटलं का तुला?"

"बघू तर खरं," म्हणत बाईंनी यंत्र व्हरांड्यात आणून जुन्या चादरीवर आडवं केलं.

यंत्राची पार रया गेली होती. इंजिन सुरू करायची दोरी ओढून ओढून तिचे धागे निघाले होते, बोट लावताच पेट्रोलच्या नळ्यांचे तुकडे पडत होते. लांब दांड्याच्या एका टोकाला इंजिन, दुसऱ्या टोकाला गवत कापणाऱ्या नायलॉन दोरीची डबी. तिच्या बुडाशी एक जाडसर बटण असतं. ते जमिनीवर टेकवलं की दोरी आपोआप पुढे सरकते. ते बटण झिजून पापडासारखं पातळ झालं होतं.

बाईंनी एकेक भाग काढून रुमालात बांधला आणि थेट सुट्या भागांचं दुकान गाठलं. दुकानदारानं आधी त्यांच्या मागे कोणी आहे का ते पाहिलं. मग रुमाल उघडून बटण हातात घेतलं.

"बाई, हे एवढं झिजलं कसं? साहेब यानं खिळे ठोकतात की काय?"

बाईंनी नवं बटण, नळ्या आणि दोऱ्या घेतल्या. घरी येऊन त्यांनी डबीतलं दोरीचं रीळ बाहेर काढलं आणि त्यांना एकदम हसू फुटलं. रिळावर बाण होता, दोरी कुठल्या बाजूनं गुंडाळायची ते दाखवणारा. पोस्टमास्तरांनी ती बरोबर उलटी गुंडाळली होती.

"अहो, बॉबिन उलटी भरलीत तर धागा सुटेल का?"

"म्हणजे?"

"म्हणजे दोरी पुढे येत नाही म्हणून तुम्ही डबी आपटत बसलात, आणि शिव्या खाल्ल्या कंपनीनं."

पोस्टमास्तरांनी वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर धरलं. किती वर्षं? पाच? त्यांनी हिशोब मनातच ठेवला.

बाईंनी नवी दोरी बाणाच्या बाजूनं एकसारखी गुंडाळली, एक वेढा दुसऱ्यावर चढू दिला नाही. नवं बटण बसवलं. इंजिनाची दोरी ओवून तिला शिंप्याची पक्की गाठ मारली. दोन्ही नळ्या जुन्यांच्या मापानं कापून घातल्या. मग हात पुसले, गमबूट चढवले, डोळ्यांवर चष्मा लावला आणि दोरी ओढली.

काही नाही. दहा वेळा ओढली. बाई घामाघूम झाल्या, यंत्र मात्र ढिम्म.

वर्तमानपत्र हळूहळू खाली आलं. आता टोमणा येणार म्हणून बाईंनी कंबर कसली. पण पोस्टमास्तर कुबड्या घेऊन टकटक करत व्हरांड्यात आले आणि टाकीवर कान लावल्यासारखे वाकले.

"तो रबरी फुगा दाब बरं, ज्यानं पेट्रोल वर चढतं तो. टाकीत बुडबुडे येतात?"

बाईंनी झाकण उघडून दाबला. "येतायत की! चांगले बुडबुड वाजतायत."

"मग तो ओढायच्या ऐवजी फुंकतोय. दोन्ही नळ्यांची अदलाबदल झालीय. या तोंडाची त्याला दे, त्याची याला."

"म्हणजे नळ्या मीही उलट्याच लावल्या म्हणायच्या," बाई पुटपुटल्या.

"मी काही बोललो का?" पोस्टमास्तर म्हणाले. पण मिशीतलं हसू त्यांना लपवता आलं नाही.

नळ्या बदलल्या. फुग्यात पेट्रोल चढलेलं दिसलं. दुसऱ्याच ओढीला यंत्र धडधडून उठलं आणि बाई दचकून "अगं बाई!" करून एक पाऊल मागे सरल्या. मग पट्टा खांद्यावर घेऊन अंगणात शिरल्या. डबी जमिनीला अलगद टेकवली की दोरी बोटभर पुढे येत होती. कापडावर खडूची रेघ ओढावी तशा सरळ पट्ट्या पडत गेल्या. एकदाच चुकलं, पोस्टमास्तरांचं मिरचीचं रोप दोन मिरच्यांसकट आडवं झालं. "ते कुठे फारसं येत होतं!" पोस्टमास्तर व्हरांड्यातून ओरडले, एवढ्या आवाजात कुणाला ऐकू जाणार!

अंगण संपलं तरी बाई थांबेनात. फाटक उघडून त्या बाहेरच्या पायवाटेला लागल्या. शेजारीण भिंतीवरून डोकावली आणि खुणेनंच विचारू लागली, आमच्याकडे कधी येणार? बाईंनी यंत्र बंद केलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"त्यांना सोमवारचं सांगतेस का?" पोस्टमास्तर म्हणाले. "रविवारी नात आहे. आणि पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं माप मी सांगतो, ते तुला अजून येत नाही."

"येत नाही," बाईंनी कबूल केलं. "या इकडे, दाखवा."