चोविसावा घोडा आणि चार डायोड

माझं गणित चुकत नाही, असं मी त्या दिवशी दुपारपर्यंत चार वेळा तरी म्हणाले असेन. म्हणून पुढचं सगळं मलाच सांगावं लागतंय.

उद्यानाच्या कोपऱ्यात आमची चक्री आहे. चोवीस लाकडी घोडे, मधोमध आरशांचा खांब आणि त्याच्या तळाशी म्हातारी मोटर. बाबांनी ती आम्हा तिघी बहिणींच्या हवाली केली. हवाली तिघींच्या, पण चालवते ताई. सकाळी ग्रीस ताई लावते, घोडे ताई पुसते, मुलांना उचलून ताई बसवते आणि खटका ओढायलाही ताईच उभी. मधली तिकिटाच्या खिडकीत बसून उंटावरून शेळ्या हाकते. मी शेंडेफळ. विजेचं काम शिकले असल्याने काही बिघडलं तरच उठायचं, असा माझा नियम.

त्या दिवशी बिघडलं होतं. मोटरला एकाच दिशेने वाहणारी वीज लागते. विजेला उलटं फिरू न देणारा मुठीएवढा डायोड मोटरशेजारच्या डब्यात होता, तो सकाळीच जळून काळा झाला. तसा नवा यायला आठवडा लागेल, असं दुकानदार म्हणाला. आमच्याकडे पाच वाजेपर्यंतचाच वेळ होता, कारण पाचला उद्यानाचे साहेब पाहणीला येणार होते. सगळ्या घोड्यांवर माणसं बसवून चक्रीने न थांबता दहा फेरे मारले तर परवाना, नाहीतर सोमवारी घोडे खाली आणि त्या जागी मोटारींचा तळ. हे कळल्यापासून ताईने पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

मी मात्र हवेत होते. खणात सहा छोटे डायोड सापडले, प्रत्येकी पंचवीस अँपिअर सोसणारे. बाबांनी शिकवलेलं मला पाठ होतं: एकामागे एक जोडले तर व्होल्ट जास्त सोसतात, शेजारी शेजारी जोडले तर अँपिअर. भरल्या घोड्यांनिशी आमची मोटर ऐंशी अँपिअर खाते. पाच पंचवीस सव्वाशे. पाच डायोड शेजारी शेजारी बसवले, फ्यूज घातला आणि रिकामी चक्री सुरू केली. ती अशी सुरेख फिरली की मी चालत्या पाटावर चढले आणि एका घोड्याच्या लाकडी नाकाचा मुका घेतला. ताई म्हणाली, आधी माणसं बसव, मग घोड्यांचं कौतुक कर.

माळीकाका आणि संध्याकाळच्या फेरीला लवकर आलेले आजी-आजोबा बसले. तिसऱ्या फेऱ्याला फट् झालं. फ्यूज उडाला आणि एक डायोड काळा पडला. दुकानदाराने खराब माल गळ्यात मारला, म्हणून मी त्याच्या नावाने बोटं मोडली आणि सहावा डायोड लावला. पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. चार वाजले होते आणि माझ्याकडे चारच डायोड उरले होते.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. ताईने शांतपणे चपला काढल्या आणि पदर खोचला. चक्री हातानेच ढकलते, साहेबांना काय कळतंय, असं ती म्हणाली. ती थट्टा करत नव्हती. ती खरंच घोड्याच्या मागच्या पायाला धरून उभी राहिली.

तेवढ्यात मधली खिडकीतून उतरली आणि उघड्या डब्यातल्या एकेका डायोडवर बोट ठेवून पाहू लागली.

"अगं, हे चारही गारच आहेत," ती म्हणाली. "एकटा राबून जळाला आणि बाकीचे आरामात बसलेत. आपल्याच घरचे दिसतात."

मी हसले, आणि हसता हसता थांबले. बाबांचं वाक्य मी अर्धंच ऐकलं होतं. कुठलेही दोन डायोड अगदी सारखे नसतात. जो वीज जरा सहज जाऊ देतो, त्याच्याकडेच ती जास्त धावते. तो तापतो, तापला की आणखी सहज जाऊ देतो, मग सगळ्यांचा भार त्याच्याच डोक्यावर. मी ऐंशीला पाचांनी भागून मोकळी झाले होते, तेही अशा घरात जिथे कुठलंच काम कधी समान वाटलं गेलं नाही. मला लाज वाटली. ताईकडे बघायचं टाळून मी माळीकाकांकडे कुंपणाची तार मागितली.

चार पंचवीस शंभर, म्हणजे भार सारखा वाटला तर चारही पुरणार होते. प्रत्येक डायोडच्या वाटेत तारेचा सारख्या लांबीचा एकेक तुकडा घालायचा. लोखंडाची तार विजेला थोडी अडवते. जो जास्त ओढायला जाईल त्याला जास्त अडवते. तीन-तीन वितींचे चार तुकडे हवे होते. ताई लगेच विती टाकायला पुढे झाली, मधलीही झाली. मी दोघींना थांबवलं, कारण तीन हातांच्या विती कधी सारख्या येत नाहीत, आणि तुकडे तर सारखेच हवे होते. तार मी मोजली, मधलीने कापली, आणि ताईला आम्ही बाकावर बसवून पाणी पाजलं.

पाचला साहेब आले. एकवीस आजी-आजोबा, माळीकाका आणि काखेत फाइल धरून स्वतः साहेब, असे तेवीस घोडे भरले. चोविसावा रिकामा. नियम म्हणजे नियम, साहेब घोड्यावरूनच म्हणाले. ताईचा हात खटक्यावर होता. मधलीने तो सोडवला.

"खटका मी ओढते. तू बस."

"मला नाही जमायचं," ताई म्हणाली. "वीस वर्षांत कधी बसले नाही मी."

"मध्येच उतरलीस तर परवाना गेला, एवढं लक्षात ठेव," मी म्हणाले.

चक्री निघाली. पहिल्या फेऱ्याला ताई घोड्याची मान आवळून बसली होती. दुसऱ्याला एका आजींची चप्पल सुटताना दिसली, तशी ती उतरायला निघाली आणि परवाना आठवून परत बसली. तिसऱ्या फेऱ्याला मी डब्यापाशी वाकले. तारांजवळ हात नेला, चारही सारख्याच गरम लागल्या. एकही जास्त नाही, एकही कमी नाही. चौथा, पाचवा. आरशांत घोडे, साहेब, माळीकाका, सगळे गरगरत होते, आणि त्यांच्यातून कुणाचं तरी हसणं ऐकू यायला लागलं. ते ताईचं होतं हे कळायला मला अख्खा एक फेरा लागला. तिचा पदर सुटला, केस सुटले, तरी तिने काहीच सावरलं नाही.

दहा झाले. परवाना मंजूर, म्हणत साहेबांनी फाइल वर केली. मधलीने खटक्याला हात घातला.

"थांबवू नकोस," ताई ओरडली. "अजून एक."

बाराव्या फेऱ्यानंतर ती उतरली आणि तिला उभं राहता येईना. हसत हसत ती सगळ्या वजनानिशी मधलीच्या अंगावर कलली, आणि मधली लटपटली.

"अर्धी इकडे दे," मी म्हणाले आणि ताईचा दुसरा हात माझ्या खांद्यावर घेतला.