सिल्लोडकडचा एक चेअरमन

सोमनाथ खरं बोलला ते अनोळखी माणसांत. ओळखीच्यांत खरं बोलायला छाती लागते आणि ती त्याच्याकडं नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

वैजापूर तालुक्यातल्या त्याच्या गावात बावीस शेतकऱ्यांचा गट होता आणि सोमनाथ त्याचा चेअरमन. गटाचा फवारणी पंप त्याच्याच गोठ्यात असायचा. नियम साधा होता: ज्यानं पंप वापरला त्यानं तो साबणाच्या पाण्यानं तीनदा धुवून ठेवायचा. आषाढात एका संध्याकाळी सोमनाथनं आपल्या मक्यात तणनाशक मारलं. तेवढ्यात पाहुणे आले, म्हणून पंप नुसत्या एका पाण्यानं खंगाळला आणि खुंटीला लावला. सकाळी कडूबानं तोच पंप पाठीवर घेऊन गटातल्याच गोकुळची दोन एकर कपाशी फवारली. आठवड्यात कपाशीची पानं भेंडीच्या पानांसारखी चिरली. कृषी सहायकानं बघून सांगितलं, औषधात तणनाशक गेलंय, हे पीक आता हाती लागायचं नाही.

कडूबा वीस वर्षं गावभर फवारणी करत आला होता. सोमनाथच्या वडिलांबरोबर वखर हाकलेला माणूस. तरी पंप आधी कुणी वापरला होता हे कुणी विचारलं नाही, सगळं खापर त्याच्याच डोक्यावर फुटलं. पंप जसा होता तसा घेतला, एवढंच तो म्हणाला आणि त्यानं सोमनाथकडं बघितलं. सोमनाथ जमिनीकडं बघत राहिला. तेव्हापासून कडूबाला फवारणीला कुणी बोलावेना. पंचावन्नाव्या वर्षी तो वैजापूरच्या बाजारात कांद्याच्या गोण्या उचलायला जाऊ लागला.

श्रावणात संभाजीनगरला शेतकरी गटांच्या प्रमुखांसाठी नेतृत्वाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण निघालं. गटानं अर्थातच चेअरमनला पाठवलं. पहिले दोन दिवस सोमनाथनं पंख्याखाली बसून चहा पिण्यात आणि भिंतीला कागद चिकटवण्यात घालवले. तिसऱ्या दिवशी शिकवणाऱ्या मृण्मयी मॅडमनी सगळ्यांना गोल बसवलं. प्रत्येकानं आपली एक चूक सांगायची, म्हणाल्या. जो चूक कबूल करतो तोच चार माणसं सांभाळू शकतो. एकानं सांगितलं, बैठकीचं इतिवृत्त लिहायचं राहून जातं. दुसरा म्हणाला, मी उशिरा पोचतो. असल्या चुका सांगायला कुणाचं काय जातं? सोमनाथची पाळी आली आणि महिनाभर पोटात दाबलेलं सगळं ओठावर आलं. बोलता बोलता तो रडला. शेजारच्यानं पाठीवर हात ठेवला, मॅडमचे डोळे भरले. निघताना त्यांनी एकच विचारलं, "घरी गेल्यावर सांगणार ना त्यांना?"

"सांगणार," सोमनाथ म्हणाला, आणि तो खरंच सांगणार होता. परतीच्या एसटीत त्याला कितीतरी दिवसांनी झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीच्या पारावर गटाची बैठक भरली. ज्याची कपाशी गेली होती त्या गोकुळनंच शाल आणली होती. शिकून आलेला चेअरमन म्हणून त्यानंच ती सोमनाथच्या खांद्यावर घातली. बाजार बंद असल्यानं कडूबाही येऊन मागं टेकला होता. सोमनाथ बोलायला उभा राहिला. सुरुवात तर चांगली झाली. मग त्याची नजर गोकुळवर गेली.

"आमच्यात सिल्लोडकडचा एक चेअरमन व्हता," तो म्हणाला, आणि सगळी हकीकत त्यानं त्या माणसाच्या नावावर खपवली. पंप, पाहुणे, एक पाणी, काही वगळलं नाही. फक्त गाव दुसरं.

ऐकून गोकुळ थुंकला. असल्या माणसाला जोड्यानं मारला पाहिजे, म्हणाला. कुणीतरी म्हणालं, आपल्याकडंही असंच झालं की. त्यावर गोकुळनं मान हलवली.

"आपल्याकडं कडूबाच्या हातून चूक झाली. आपला चेअरमन तसला नाय, हे आपलं नशीब."

आता तरी बोलायचं होतं. एवढी सोपी वेळ पुन्हा आली नसती. सोमनाथ घसा खाकरून खाली बसला. त्याची त्यालाच किळस आली, पण किळस आली म्हणून तोंड थोडंच उघडतं?

बैठक उठली तसा कडूबा जवळ आला. रागावलेला दिसत नव्हता, त्याचंच सोमनाथला जास्त भ्या वाटलं.

"त्या सिल्लोडच्या गड्यानं मंग त्या फवारणीवाल्याला सांगितलं का?"

"नाय अजून, तात्या."

"त्याला म्हणावं, नको सांगू. फवारणीवाल्याला पहिल्या दिसापासून ठावं हाय. सांगायचं ते गावाला सांगायचं व्हतं."

एवढं बोलून कडूबा घराच्या वाटेला लागला. त्याला हाक मारावी, पारावर परत आणावं, असं सोमनाथला फार वाटलं. पण गोकुळ अजून तिथंच बसलेला होता, म्हणून त्यानं हाक मारली नाही.