लाल गोलाच्या बाहेर

माझी धाकटी बहीण बस स्टँडवर सुऱ्याच्या वाराने गेली. त्या दिवसापासून जो कुणी आमच्याकडे भेटायला आला, त्याने दारात चपला काढता काढता एकच विचारलं, "नाव कळलं का?" पहिल्या बाईला मी वेड्यासारखं बहिणीचं नाव सांगितलं. ती म्हणाली, "अगं, तिचं नाही. त्याचं. मारणाऱ्याचं."

नाव कळेपर्यंत लोकांना चैन पडेना. एक माथेफिरू सकाळच्या गर्दीत शिरतो, हाताला लागेल त्याला भोसकत सुटतो, चार माणसं मारतो. रडायला एवढं पुरे होतं. पण मारणारा 'त्यांच्यातला' निघाला तर ओरडायचं आणि 'आपल्यातला' निघाला तर 'बिचाऱ्याचं डोकं फिरलं असेल' म्हणायचं, म्हणून सगळे तोंड उघडं ठेवून थांबले होते.

दुसऱ्या संध्याकाळी नाव आलं आणि घोळच झाला. बाप एका धर्माचा, आई दुसऱ्या धर्माची. मग टीव्हीवर टाय लावलेले लोक भांडायला बसले, की रक्त बापाचं धरायचं की संस्कार आईचे. एकाने तर वंशावरच घसरून सांगितलं की त्या रंगाची माणसं उपजत तापट असतात. सुरा बापाकडच्या हातात होता की आईकडच्या, एवढंच विचारायचं राहिलं होतं. माझ्या बहिणीला त्याने काय फरक पडला असता, ते मात्र कुणी सांगितलं नाही. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, दुसरं काय!

आमची आई या सगळ्यात नव्हती. ती खिडकीखालच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेली असायची. मधूनच मला जवळ बोलवायची आणि हळूच विचारायची, "शेवटी ती एकटीच होती का गं?"

मला ठाऊक नव्हतं. दवाखान्यातली नर्स म्हणाली होती, आणली तेव्हाच संपलं होतं. पोलीस म्हणाले, चौकशी चालू आहे. मला आईला हो म्हणवेना, नाही म्हणवेना. मी म्हणायचे, "विचारते आई." आणि विचारणार कुणाला? ज्याला त्याला बोलायचं होतं ते मारणाऱ्याबद्दल.

यात माझा मामा सगळ्यांच्या पुढे. माणूस वाईट नाही. दवाखान्यातून तिला घरी आणण्यापासून सगळं त्यानेच केलं, आणि तिला न्यायच्या वेळी लहान मुलासारखा रडला. पण नंतर त्याने फोन हातात घेतला तो खाली ठेवलाच नाही. येईल त्याला जवळ बसवून दाखवायचा: हे वाचा, हे ऐका, यांना इथे ठेवलंच कशाला.

चौथ्या दिवशी दुपारी असाच खोलीभर माणसं घेऊन बसला होता. "हा बघा," म्हणाला, "एकटा नव्हता तो. हा त्याचा साथीदार. पळून गेलाय हरामखोर. चेहऱ्यावरूनच कळतं कुठला आहे ते." फोन हातोहात फिरला. बघणारा प्रत्येक जण जिभेने च् च् करत होता. फिरत फिरत फोन माझ्याकडे आला.

पांढऱ्या शर्टातला एक सावळा माणूस जमिनीवर गुडघे टेकून बसला होता. कोपरापर्यंत हात रक्ताने भरलेले. त्याच्या चेहऱ्याभोवती कुणीतरी लाल गोल काढला होता. गोल काढून ठेवला की बाकीचं कोण बघतो? मीसुद्धा आधी चेहराच बघितला. मग खाली नजर गेली. गोलाच्या बाहेर, फोटोच्या अगदी काठाला, कुणाचे तरी पाय होते. गुडघ्यांवर काळा कोट टाकलेला. एक पाय अनवाणी. दुसऱ्या पायात तपकिरी चप्पल, आणि तिच्या पट्ट्याला काळ्या दोऱ्याची शिवण.

ती शिवण माझी. चप्पलही माझीच. त्या दिवशी सकाळी न विचारता घालून गेली होती, आणि मी जिन्यातून तिच्या नावाने ओरडले होते.

"मामा, ही कोण?"

"कोण?"

"ही. खाली पडलेली."

मामाने फोन हातात घेऊन लांब धरला. "असेल कुणीतरी बिचारी."

"मामा, ही आपली आहे."

मामाने फोटो बोटांनी मोठा केला, पुन्हा लहान केला. सकाळपासून किती जणांना पाठवला, असं मी विचारलं तर म्हणाला, "बऱ्याच जणांना." काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. याने तर भाचीलाच फोनमध्ये घालून गावभर फिरवलं होतं आणि तिच्याकडे एकदाही बघितलं नव्हतं. इतका संताप मला तो सुरेवाला आठवूनही आला नव्हता.

आणि एवढं होऊन मामा काय म्हणाला? "म्हणजे... म्हणजे यानेच हिला..."

"मारणारा कुणी अंगावर पांघरूण घालतो का रे?" मी ओरडले. "तुझं डोकं आहे की खोकं?"

मामाने खाली मान घालून तो फोटो स्वतःच्या फोनमधून पुसून टाकला, आणि त्याच्यापुरतं ते मिटलं. ज्यांना गेला होता त्यांच्याकडे तो होताच.

दवाखान्यातून मिळालेली बहिणीच्या सामानाची पिशवी आईने पलंगाखाली सारून ठेवली होती, उघडू देत नव्हती. मी ती ओढून काढली. तिची पर्स, चष्म्याचं घर, माझी एक चप्पल. आणि तळाशी घडी घातलेला काळा कोट, रक्त वाळून कडक झालेला. मी कॉलर उलटी केली.

मी लाँड्रीत इस्त्रीला आहे. आमच्याकडे कागदाच्या चिठ्ठ्या लावत नाहीत, पाण्यात त्यांचा लगदा होतो. कॉलरच्या आत दोऱ्याची खूण घालतात: दोऱ्याचा रंग गिऱ्हाइकाचा, टाके माणसाचे. कोटाला हिरव्या दोऱ्याचे तीन टाके होते. हिरवा म्हणजे बस स्टँडसमोरचं हॉटेल. तीन म्हणजे तिथला तिसरा वेटर. हा कोट दर आठवड्याला माझ्या हातून जायचा. खांद्याला जरा वेडावाकडा, इस्त्रीला त्रास देणारा. त्याच्या मालकाला मी कधी बघितलं नव्हतं.

लोक सुतावरून स्वर्ग गाठतात, मी सुतावरून हॉटेल गाठलं. दर्शनी काच फुटलेली होती, तिच्या जागी खोक्याचा पुठ्ठा चिकटवला होता. तिसऱ्या वेटरचं विचारताच गल्ल्यावरच्या मालकाने मला पुढे काही बोलूच दिलं नाही. "तो इथे नाही. काम सोडून गेला. आम्हाला काही माहीत नाही."

मी कोट गल्ल्यावर ठेवला. "मी पोलीस नाही, टीव्हीवाली नाही. ज्या मुलीच्या अंगावर हा होता तिची मी बहीण."

मालकाने कोट उचलून माझ्या हातात दिला. मग उठला. "परवा तो फोटो बघून याला मारायला काही लोक आले आणि काच फोडून गेले," तो चालता चालता म्हणाला. "काल याच्याच जातभाईंमधले दोघे आले. म्हणे याला स्टेजवर उभा करतो, हार घालतो. आपल्या माणसाने त्यांच्या मुलीसाठी काय केलं ते जगाला दाखवू. हा म्हणाला, मुलगी वाचली नाही, हार कसले घालता? तेव्हापासून मागेच बसतो."

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे एका बाजूलाच असतात असं नाही.

मागच्या कोठीत पिठाच्या पोत्यांमध्ये बसून तो ग्लास पुसत होता. मला बघून उठला आणि भिंतीला लागला. मी मारायला आले असंच त्याला वाटलं.

"ताई, मी काही केलं नाही हो."

ज्याने सगळं केलं त्याला हे म्हणावं लागत होतं, तेही माझ्यासमोर! मला रडूही आलं आणि भिंतीवर डोकं आपटावंसंही वाटलं. "मला माहीत आहे," मी म्हणाले. "मला फक्त सांगा, ती काही बोलली का?"

त्याने हातातला ग्लास खाली ठेवला.

"चपलेचं बोलत होती," तो म्हणाला. "एक चप्पल पळताना कुठेतरी पडली होती. म्हणत होती, ताईची आहे, शोधा ना, ती ओरडेल. मी म्हटलं, शोधतो. पण माझा हात सोडेना. मग मीही नाही सोडला. दुसऱ्या हाताने जखम दाबून धरली होती. थंडी वाजते म्हणाली, म्हणून कसाबसा कोट काढून तिच्या अंगावर टाकला. गाडी यायला वेळ लागला, ताई. मी तिथेच होतो. तिचा हात सैल पडला तरी होतो." मग घाबरत घाबरत म्हणाला, "चप्पल नंतर शोधली. पोलिसांनी दोरी बांधली होती, आत सोडलं नाही."

कोट धुऊन आणते, एवढंच म्हणाले आणि वळले.

"ताई," त्याने मागून विचारलं, "तिचं नाव काय होतं? टीव्हीवर नुसतं चार ठार, चार ठार म्हणतात."

मी सांगितलं. त्याने ते एकदा स्वतःशी म्हटलं, आणि मान हलवली.

घरी आले तर मामा आईजवळ बसला होता. आणखी दोघे-तिघे होते. मी कुणाकडे बघितलं नाही. आईसमोर बसले. "आई, ती एकटी नव्हती. एक जण हात धरून बसला होता. शेवटपर्यंत."

आईने माझा हात पकडला. "असा?"

"असाच."

"बोलत होती?"

"बोलत होती. माझ्या चपलेसाठी जीव टाकत होती." आई हसली. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच, आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले.

मामा घसा खाकरून पुढे सरकला. "कोण गं तो? म्हणजे... नाव काय त्याचं?" बाकीचेही ताठ होऊन बसले. पुन्हा तीच तोंडं उघडी.

"मी नाही विचारलं," मी म्हणाले. "त्याने मात्र तिचं विचारलं. एवढी माणसं येऊन गेली या घरात, मामा, तिचं नाव विचारणारा तो पहिला."

आईने कोटासाठी हात पुढे केला. "आण इकडे. गार पाण्यातच भिजवायला हवा, नाहीतर डाग पक्का बसेल." आणि भिंतीचा आधार घेत ती उठली.