लग्नघरी मागून आणलेली घाण

मित्रांनो, मी काचेची नळी. उंची बोटभर, पण शब्द पक्का! माझ्यात तळ्याचे पाणी भरायचे, औषधाचे थेंब टाकायचे, हलवायचे आणि जरा थांबायचे. मी पिवळी राहिले तर पाणी निर्धोक. हिरवी झाले तर पाण्यात अमोनिया, म्हणजे माशांच्याच विष्ठेतून तयार होणारे विष. आजवर मी कुणाची भीड धरलेली नाही.

भट्टीतून घडून, पेटीत बसून मी अमेरिकेत, मिनेसोटात मार्लिस टॉलेफसनबाईंच्या घरी आले. मागच्या अंगणात त्यांनी हौसेने तळे खणले होते. त्यात केशरी-पांढरे कोई कार्प मासे. त्यांतली थोरली बटरकप बाईंच्या हातून दाणे खाई. दर रविवारी चर्चमधून आल्या की बाई आधी मला हातात घेत. फार मानाचे दिवस होते ते!

एका उन्हाळ्यात त्यांच्या मुलीचे लग्न तळ्याकाठी करायचे ठरले. तळे लखलखीत दिसावे म्हणून बाईंच्या नवऱ्याने, गॉर्डनने, तळ्याचे पाणी साफ करणाऱ्या गाळणीतले चिकट, तपकिरी स्पंज नळाच्या धारेखाली पांढरे होईपर्यंत धुतले. पाणी आरशासारखे झाले. येणारा-जाणारा वाहवा करू लागला. त्या धामधुमीत मला कोण विचारणार? मी गॅरेजच्या फळीवर धूळ खात पडले.

लग्नाच्या आदल्या दिवशी बटरकप दाण्यांकडे फिरकलीच नाही. सगळे मासे तळ्यात पडणाऱ्या छोट्या धबधब्यापाशी तोंडे वर करून धापा टाकत होते. बाई धावत गॅरेजमध्ये आल्या. माझ्यात पाणी भरले, थेंब पडले आणि मी गर्द हिरवी झाले.

"गॉर्डन, स्पंज कशानं धुतलेस?"

"नळाच्या पाण्यानं. बघ ना, कसा तळ दिसतोय!"

"तळ दिसतोय, पण त्या घाणीत राहणारे जीवाणू मेले ना क्लोरीननं! तेच तर हे विष खाऊन टाकायचे."

"अगं, नळी जुनी झालीय. चुकत असेल."

"आणि मासे? तेही चुकतायत?"

गॉर्डनचा चेहरा उतरला. दाणे बंद झाले. क्लोरीन मारणारे औषध घालून थोडे पाणी बदलले. माझा रंग जरा फिकटला, पण विष पुन्हा साठणारच होते. जिवंत जीवाणू हवे होते आणि ते होते शेजारच्या डेल्बर्ट क्राउझच्या तळ्यात. पाने आपल्या तळ्यात पडतात म्हणून त्याने न विचारता बाईंच्या मेपलच्या झाडाची फांदी छाटली होती. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणे बंद होते.

बाईंनी मला तशा हिरव्या रंगातच मुठीत धरले आणि त्या थेट त्याच्या दारात गेल्या.

"काय, आमंत्रण द्यायला आलीस? फार लवकर आठवण झाली!" डेल्बर्ट म्हणाला.

"आमंत्रण देते, पण आधी तुझ्या गाळणीतली घाण दे."

"लग्नघरी आहेर मागतात, बाई, घाण नाही."

बाईंनी मला त्याच्या डोळ्यांसमोर धरले. त्याचे हसू मावळले.

"बटरकप कशी आहे?"

"धापा टाकतेय रे."

तो पुढे बोलत बसला नाही. आपला सगळ्यात चिकट स्पंज त्याने तळ्याच्याच पाण्यासकट बादलीत घातला आणि अनवाणीच आमच्या अंगणात येऊन तो आमच्या गाळणीत बसवला.

लग्नात तळे जरा गढूळ होते. एका मावशींनी नाक मुरडले, "फोटोत काय दिसणार?"

"जिवंत मासे दिसतील, मावशी," गॉर्डन म्हणाला. पहिल्या रांगेत बसलेला डेल्बर्ट मोठ्याने हसला.

त्यानंतर बाई मला रोज विचारू लागल्या. हिरवी, पोपटी, आणि एका सकाळी लख्ख पिवळी! बटरकपने त्यांच्या हातून दाणे घेतले. थोड्याच दिवसांत डेल्बर्ट कॉफीच्या मगात आपल्या तळ्याचे पाणी घेऊन आला.

"माझंही बघ जरा. फारच स्वच्छ दिसतंय, म्हणून भीती वाटते."

तर मित्रांनो, पाणी नुसते डोळ्यांनी जोखू नका. मला नेमाने हातात घ्या, काम झाल्यावर विसळून ठेवा. मी खरे तेच सांगेन. ते ऐकून लगेच हातपाय हलवायचे, एवढे मात्र तुम्ही करा.